‘पालाश’ : एका पारिभाषिक शब्दाची व्युत्पत्ती आणि अर्थविकास

खताच्या पोत्यावर ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे तीन शब्द आपण वाचले असतील. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ते घरोघरी परिचित आहेत. त्यांपैकी ‘पालाश’ हा शब्द अनेकांना परका वाटतो. त्याचे मूळ मात्र याच जिल्ह्याच्या रानात, फाल्गुनात केशरी फुलांनी बहरणाऱ्या पळसात आहे.

१. व्युत्पत्ती

संस्कृत ‘पलाश’ या नामाच्या आद्य स्वराची वृद्धी होऊन ‘पालाश’ हे तद्धित रूप सिद्ध होते. ‘पळसाचे, पळसापासून झालेले’ हा त्याचा मूळ अर्थ. मुंजीतील पळसाच्या काठीला ‘पालाशदंड’ म्हणतात, ते याच अर्थाने. ‘पलाश’ शब्दाचे प्राकृतातून आलेले तद्भव रूप म्हणजे ‘पळस’. त्यात ‘ल’चा ‘ळ’ आणि ‘श’चा ‘स’ झाला. एकाच मुळाच्या या दोन शाखा. पण तत्सम वळणामुळे ‘पालाश’चे पळसाशी असलेले नाते सहज ओळखू येत नाही.

२. अर्थविकास

झाडाचे विशेषण रसायनाचे नाव कसे झाले? याचा दुवा राखेत आहे. वनस्पतींच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. राख पाण्यात कालवून, गाळून ते पाणी आटवले की क्षार उरतो. क्षार काढण्यासाठी जाळावयाच्या वृक्षांत सुश्रुतसंहितेने पलाशाचा उल्लेख केला आहे. युरोपात हीच कृती भांड्यात होत असे. म्हणून ‘पॉट’ म्हणजे भांडे आणि ‘ॲश’ म्हणजे राख यांवरून ‘पोटॅश’ हा शब्द आला. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्यापासून वेगळ्या केलेल्या धातूला ‘पोटॅशियम’ हे नाव मिळाले. त्याचे ‘के’ हे चिन्ह ‘कॅलियम’वरून आले असून त्या शब्दाचे मूळ वनस्पतींच्या राखेच्या अरबी नावात आहे. भाषा निराळ्या, राख एकच.

३. आजचा अर्थ

खताच्या परिभाषेत ‘पालाश’ म्हणजे पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजलेले प्रमाण. १०:२६:२६ या खताच्या ५० किलोच्या पोत्यात १३ किलो पालाश असते. ते येते खनिजांपासून. पळस केवळ शब्दात उरला आहे. म्हणून व्युत्पत्तीने शब्दाचा इतिहास कळतो, त्याचा आजचा अर्थ मात्र व्यवहारातूनच निश्चित होतो, हे ध्यानात ठेवावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

‘पळस’ आणि ‘पालाश’ यांच्या आधारे तद्भव व तत्सम शब्दांतील भेद स्पष्ट करा.