जमिनीतून काढलेला खडक कोठे ठेवतात?

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरला जाताना नेवासे तालुक्यात घोडेगाव लागते. कांद्याच्या बाजारामुळे हे नाव तुमच्या कानावर आले असेल. या भागात उन्हाळ्यात बोअर घेणारी गाडी शिवारात उभी राहिलेली तुम्ही पाहिली असेलच. हातोडा खडक फोडतो आणि हवेच्या दाबाने भुगा वर फेकला जातो. प्रथम मुरूम, मग काळा भुगा, मध्येच तांबडा, पुन्हा काळा. तांबडा भुगा बहुधा दोन लाव्हाथरांमधल्या भाजलेल्या मातीचा असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे थरावर थर साचले, त्याची ही खूण.

भुग्यावरून थर कळतो. पण खडकातील भेगा, त्यांचा कल, त्यांत भरलेली खनिजे यांचे काय? ते कळण्यास खडक अखंड वर यावा लागतो. त्यासाठी पोकळ नळीच्या तोंडाशी हिऱ्याचे कण बसवून ती फिरवतात. नळीच्या पोटात खडकाची कांडी उरते. सफरचंदाचा मधला भाग नळीने कोरून काढावा, तसेच. या कांडीला ‘गाभा’ म्हणतात.

आपल्या राज्यातील दोन गाभे पहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला, खाली सुमारे ८ मीटर गाळाचे थर लागले आणि मग प्राचीन पायाभूत खडक. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला होता. तेथे रासाटी येथील छिद्रात काळा पाषाण सुमारे ९३३ मीटर जाड निघाला आणि त्याखाली गाळ न लागता एकदम ग्रॅनाइटी खडक आला! लाव्हा येथे थेट उघड्या खडकावर पसरला होता, हे त्या कांडीवरून समजले. कोयना परिसरात अशी सुमारे १,५०० मीटर खोलीची नऊ छिद्रे घेतली गेली, आणि पुढे गोठणे येथे ३ किलोमीटर खोलीचे एक.

आता खरी अडचण. किलोमीटरच्या किलोमीटर दगड ठेवायचा कसा? लांबट पेटीत खाचा करून कांड्या पुस्तकातील ओळींप्रमाणे डावीकडून उजवीकडे मांडतात. प्रत्येक टप्प्यानंतर खोली लिहिलेला ठोकळा ठेवतात. वरची बाजू कोणती, तेही खुणेने दाखवतात. तुकडा हरवला तर तितकी जागा रिकामी दाखवतात; पुढचा तुकडा सरकवून ती झाकत नाहीत. ठोकळा हरवला, की मौल्यवान गाभा म्हणजे रस्त्यावरची खडीच समजा.

समुद्रतळाच्या गाभ्यांची व्यवस्था तर फारच पाहण्यासारखी. २०१५ मध्ये जॉइडिस रेझोल्यूशन या जहाजाने अरबी समुद्रातील लक्ष्मी द्रोणीत तळाखाली सुमारे १,१०० मीटरपर्यंत छिद्रे घेतली. सिंधू नदीने हिमालयातून आणलेला गाळ त्यांत मिळाला. हिंदी महासागराचे असे गाभे जपानमधील कोची येथे ठेवतात. (केरळातील कोची निराळे!) अटलांटिकचे जर्मनीत ब्रेमेन येथे. ते थंड कोठारात असतात, नाहीतर चिखल वाळून तडकतो.

गाभा उभा चिरतात. एक अर्धा राखून ठेवायचा, दुसऱ्यातून नमुने द्यायचे. मोहिमेतील शास्त्रज्ञांना साधारण एक वर्ष अग्रहक्क. नंतर जगातील कोणीही संशोधक कारण लिहून मागू शकतो. मिळतो तो थोडासाच, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. माझ्या मते दगड जपण्याइतकाच हा नियम मोलाचा आहे. त्या जहाजाची मोहीममालिका २०२४ मध्ये संपली. पुन्हा तेथे जाऊन छिद्र घेणे सोपे नाही. म्हणून उद्याच्या उपकरणांसाठी राखलेला अर्धा भागच कामी येईल.

शिक्षकांसाठी एक प्रयोग. गावात बोअर होणार असेल तेव्हा मालकांना विचारून, गाडीपासून दूर उभे राहून, दर १० फुटांचा मूठभर भुगा गाडीवाल्यांकडून मागून घ्या. वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा. चिठ्ठीवर गाव, गट क्रमांक, तारीख व खोली पेन्सिलीने लिहा, कारण शाई ओलीने पसरते. अर्धा भुगा शाळेत ठेवा, उरलेला शेजारच्या शाळेला द्या. मग दोन बोअरमधील तांबडा थर एकाच खोलीवर लागतो का, ते ताडून पहा. जमिनीच्या उंचीतील फरक मात्र वजा करायला विसरू नका.