वर्गमुळात अडकलेलं औषध

एम-फोरच्या लेक्चरला मागच्या बाकावरून "सर, हे पुढे कुठे लागणार?" असं विचारणाऱ्यांपैकी मीही एक. उत्तर मिळालं ते डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये, एका औषधाच्या चाचणीबद्दल वाचताना!

आजाराचं नाव लांबलचक आहे: फायब्रोडिस्प्लेसिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा, थोडक्यात एफओपी. यात स्नायूंच्या जागी हाड तयार होतं आणि मान, पाठ, खांदे एकेक करून जखडतात. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयलीन शोर व फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने कारण शोधलं: एसीव्हीआर-१ या जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. वाढलेलं हाड कापावं, तर त्या जखमेतून आणखी हाड वाढतं. म्हणून औषधच हवं.

पण चाचणी घ्यायची कुणावर? दहा लाखांत एक रुग्ण धरला, तर २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेबारा लाख वस्ती असलेल्या अख्ख्या कल्याण-डोंबिवलीत एखादाच सापडेल! पॅलोव्हॅरोटीन या औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीला जगभरातून १०७ जण मिळाले. सगळ्यांनाच औषध दिलं आणि तुलना केली ती दुसऱ्या एका निरीक्षण-अभ्यासातील, औषध न घेतलेल्या रुग्णांशी. वर्षाला किती नवं हाड वाढलं ते सीटी स्कॅनवरून मोजलं.

असे आकडे कुठे शून्य, तर कुठे फार मोठे असतात. म्हणून आधी ठरल्याप्रमाणे वर्गमूळ घेऊन हिशेब केला. निष्कर्ष निघाला की, चाचणी यशस्वी होण्याची आशा नाही. जानेवारी २०२० मध्ये औषध देणं तात्पुरतं थांबवलं.

असं कसं होतं? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. औषध न घेतलेले चौघे: ०, ०, ०, १००. सरासरी २५. औषध घेतलेले चौघे: ९, ९, ९, ९. सरासरी ९. औषध जिंकलं. आता वर्गमुळं घ्या. पहिल्यांची सरासरी २.५, दुसऱ्यांची ३. औषध हरलं! वर्गमूळ मोठ्या आकड्याला दाबतं, आणि इथे मोठा आकडा म्हणजेच कुणाचा तरी कायमचा जखडलेला खांदा.

वर्गमूळ न घेता पुन्हा हिशेब केल्यावर वर्षाची सरासरी औषध घेणाऱ्यांत ९.४, तर न घेणाऱ्यांत २०.३ घनसेंटिमीटर आली. पण निकाल पाहून पद्धत बदलणं म्हणजे प्रॅक्टिकलला उत्तर बघून रीडिंग लिहिण्यासारखंच नाही का? शंका रास्त होती. शिवाय या औषधाने वाढत्या मुलांची उंची अकाली खुंटू शकते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीत औषध परिणामकारक असल्याच्या बाजूने १० आणि विरुद्ध ४ मतं पडली. ऑगस्टमध्ये तिथे मंजुरी मिळाली, तीही मुलींना ८ आणि मुलांना १० वर्षांपासून पुढे. त्याच वर्षी युरोपने नकार दिला. आकडे तेच, निर्णय दोन.

एक गोष्ट आपणही लक्षात ठेवू. या बाळांच्या पायांचे अंगठे बहुधा जन्मतःच आखूड आणि वाकडे असतात. असे अंगठे आणि पाठीवर गाठ दिसली, तर बायोप्सीची घाई न करता डॉक्टरांना आधी जनुक-तपासणीबद्दल विचारावं. सुईच्या जखमेनेही हाड वाढू शकतं.

आणि हो, सरांना तो प्रश्न मी आता विचारत नाही.