परदेशात एरिया स्टडीज: कर्जावर सही करण्याआधी हप्ता काढा

दक्षिण आशिया, जपान किंवा आफ्रिका यांच्या अभ्यासात लंडनला वर्षभराचं एम.ए. करायचं मनात असेल, तर आधी एक आकडा काढा: कोर्स संपल्यावर महिन्याला हप्ता किती बसेल. ऑफर लेटर आलं की घरात पेढे येतात आणि घाईघाईत अनामत भरली जाते. ती बहुतेकदा परत मिळत नाही. कर्जमंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत थांबा. विद्यापीठाला मेल करून मुदतवाढ मागा, अनेकदा मिळते.

खर्च मांडताना पौंड १२० रुपयांचा धरू. फी २५,००० पौंड असेल तर ३० लाख रुपये. व्हिसासाठी लंडनच्या राहण्या-खाण्याचे महिना १,५२९ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावे लागतात. ते साडेसोळा लाख. लंडनबाहेर हाच आकडा महिना १,१७१ पौंड. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, पण वर्षभराच्या कोर्सला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो. म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड, म्हणजे जवळपास १ लाख ४० हजार रुपये, अर्जासोबत एकरकमी जातात. व्हिसा फी, टीबीची तपासणी आणि विमानाचं तिकीट वेगळं. एकूण पन्नास लाखांच्या आसपास.

यातले ३५ लाख कर्ज आणि व्याज ११ टक्के धरा. पैसे सुरुवातीलाच उचलले आणि कोर्सचं एक व नंतरचं एक, अशी दोन वर्षं काहीच भरलं नाही, तर सरळव्याजानेच ७ लाख ७० हजार चढतात. मग ४२ लाख ७० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५८,८०० रुपये. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर ४८,५००, पण एकूण परतफेड ७० लाखांवरून ८७ लाखांवर जाते. घरच्यांना झेपत असेल तर त्या दोन वर्षांत नुसतं व्याज, महिना सुमारे ३२,००० रुपये, भरत राहा. दहा वर्षांचा हप्ता ४८,२०० वर येतो.

आता पगार. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत हवा. ५८,८०० रुपयांच्या हप्त्याला महिना पावणेदोन लाख हातात पडायला हवेत. भारतात परतून संशोधन संस्था, एनजीओ, प्रकाशन किंवा अनुवाद यांत पहिल्याच नोकरीला एवढे मिळतील, असं गृहीत धरू नका. तिकडेच राहायचं म्हणत असाल, तर १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एम.ए.वाल्यांना ग्रॅज्युएट रूट या शिक्षणानंतरच्या व्हिसावर दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळतील. त्यानंतर स्किल्ड वर्कर व्हिसासाठी वर्षाला साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो, नव्या उमेदवाराला सवलतीने ३३,४००. शिवाय स्पॉन्सर करणारी कंपनी हवी. या विषयातल्या छोट्या संस्थांकडून ती अपेक्षा ठेवून घर गहाण टाकू नका.

हो, घरच. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. फ्लॅट असेल तर खरेदीखत, इंडेक्स-२, सोसायटीची एनओसी आणि मालमत्ता कराची पावती आधीच काढून ठेवा. वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युअरची फी आणि गहाणखताची स्टॅम्प ड्युटी बहुधा तुमच्याच खिशातून जाते. शेतजमिनीचा सातबारा बहुतेक ठिकाणी चालत नाही. विनातारण देणाऱ्या खासगी वित्तसंस्थेने एक टक्का प्रोसेसिंग फी लावली, तर जीएसटीसह ४१,३०० रुपये झाले. मंजुरीपत्रात ‘विमा’ शब्द शोधा: एकरकमी प्रीमियम अनेकदा कर्जातच मिसळलेला असतो आणि त्यावरही तुम्ही व्याज भरता. नको असेल तर लेखी नकार द्या. फ्लोटिंग दराचं कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही.

बँकेच्या कर्जातून फी पाठवताना १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) नाही. स्वतःचे पैसे वर्षात १० लाखांवर गेले की लागतो. प्राप्तिकरात कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. ‘फुकट’ सल्ला देणाऱ्या एजंटांना अनेकदा विद्यापीठांकडून कमिशन मिळतं. शिष्यवृत्तीचं ते सहसा बोलत नाहीत.

ती तुम्हीच शोधा. चेव्हनिंगचे अर्ज ऑगस्टमध्ये खुले होतात, दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. फेलिक्स शिष्यवृत्ती लंडनच्या सोआस विद्यापीठासाठीही आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे. तिची जागतिक क्रमवारीची अट आधी बघा. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीतून २०२२-२३ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज यांवरचे विषय वगळले. दक्षिण आशियावाल्यांनी तिच्यावर भिस्त ठेवण्याआधी चालू वर्षाची नियमावली वाचावी.

काहीच मिळालं नाही, तर मी म्हणेन एक वर्ष थांबा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी किंवा रशियन सुरू करा. भाषेची परीक्षा पास असलेल्याला कंपन्यांतही काम मिळतं. भारतात एम.ए. करून यूजीसी-नेट द्या. त्यात ‘इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज’ हा स्वतंत्र विषय आहे, आणि जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर पीएच.डी.साठी महिना ३७,००० रुपये हातात येतात, वर घरभाडे भत्ता.