एसटीला विमा नाही, मग मला कशाला?

प्रश्न : एसटी बसचा विमा काढलेला नसतो, असे सीबीएसवर एका कंडक्टरने सांगितले. हे खरे का? तसे असेल तर पाच लाखांची मुदतठेव दाखवून मलाही गाडीच्या विम्यातून सूट मिळेल का? माझी जुनी आठशे सीसीची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते.
– एक निवृत्त वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कंडक्टरचे बरोबर आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सरकार राज्य परिवहन उपक्रमांना विम्यातून सूट देऊ शकते. अट अशी, की नुकसानभरपाईसाठी त्यांनी स्वतःचा निधी उभारून तो कायम राखायचा. म्हणजे एसटीची जबाबदारी टळत नाही, पैसे तिच्याच खिशातून जातात. २८ जानेवारी २०२० ला आपल्याच जिल्ह्यात, देवळ्याजवळ मेशी फाट्यावर बस आणि रिक्षा धडकून दोन्ही विहिरीत कोसळल्या, वीसहून अधिक माणसे गेली. असा भार पेलायला हजारो बसगाड्यांचे महामंडळ लागते. आणि तिथेही भरपाई थकली म्हणून कोर्टाने बस जप्त केल्याच्या बातम्या अधूनमधून येतातच.

खासगी मालकाला ठेवीची ही वाट कायद्यात नाही. कॅलिफोर्नियात वाहन खात्याकडे रोख अनामत ठेवून विम्याशिवाय गाडी चालवता येते, आपल्याकडे नाही. माझ्या मते ते योग्यच आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून रक्कम ठरवते. सातपूरच्या कारखान्यातला तिशीचा कायम कामगार गेला, तर तुमचे पाच लाख कुठल्या कुठे जातील!

पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. जुन्या गाडीला ‘फुल इन्शुरन्स’ घेतलाच पाहिजे असे नाही, एजंट काहीही म्हणो. मालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण तुमच्याकडे आधीच असेल, तर तेही पुन्हा घ्यावे लागत नाही. आणि गाडी सोसायटीच्या आवारात नुसती झाकून ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी, कारण कलम सार्वजनिक जागी गाडी वापरण्याबद्दल आहे. पण महिन्यातून दोनदा म्हणजे वापर झालाच.

२०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,०९४ रुपये आहे, वर जीएसटी असेल तो. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर दंड २,००० रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरूनही विमा काढावा लागतोच, तेव्हा पॉलिसीची तारीख आजच बघून घ्या.