आधी जुन्या डिस्कची केबल काढ

दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपवर नवीन विंडोज टाकायचं म्हणतोस, तर खुशाल टाक. माझी अट एकच. जुन्या हार्ड डिस्कला हात लावायचा नाही. कॉम्प्युटरवाला म्हणेल, ‘फॉरमॅट मारतो, दोन तासांत देतो.’ त्याला चहा पाज आणि नको म्हण.

अडीच इंची साटा एसएसडी आण. दहा-बारा वर्षांच्या सीपीयूतही ती बसते. स्क्रूची जागा जुळली नाही तर पट्टी मिळते, किंवा नुसती चिकटवली तरी चालतं, कारण तिच्यात फिरणारं काही नसतं. प्लग काढ, झाकण उघड, जुन्या डिस्कची केबल मदरबोर्डवरून काढून ठेव आणि मगच एसएसडीवर सिस्टीम टाक. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज बसतं नव्या डिस्कवर, पण मशीन सुरू करायला लागणाऱ्या फायली कधी कधी जुन्या डिस्कवरच जाऊन बसतात. पुढे कधी जुनी काढलीस की नवीही उठत नाही. केबल काढलेली असली तर ही भानगडच होत नाही. आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना नव्यात काही बिनसलं, तर केबल परत जोडायची. दुकान पहिल्यासारखं चालू.

हे करण्याआधी मशीनची कुवत बघ. विंडोज १० ला मोफत मिळणारे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरकर्त्यांनी वेगळी नोंदणी केली तर आणखी एक वर्ष, एवढीच सवलत. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. आय५-८४०० असं लिहिलेलं असलं तर ८ म्हणजे आठवी. आय३-२१२० असलं तर दुसरी, तिथे नाद सोड. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० नाही असा निरोप आला तर लगेच घाबरू नको. बऱ्याच बोर्डांवर ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी या नावाने शोध, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ.

रुफस नावाचा प्रोग्राम वापरून विंडोज ११ ची ही तपासणी चुकवता येते, हे तुला कुणीतरी सांगेलच. येते. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच, ही जबाबदारी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. कोअर टू ड्युओवर तर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी एक सूचना त्या प्रोसेसरला येतच नाही. धंद्याच्या मशीनवर असले खेळ मला पटत नाहीत.

आता खरं दुखणं. मराठी फॉन्ट. आपल्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, निमंत्रणं, सोसायट्यांचे अहवाल श्रीलिपीत नाहीतर डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेशमध्ये आहेत. ही युनिकोडच्या आधीची अक्षरं. फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरांचेच आकडे असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की वधूवरांच्या नावांच्या जागी कचरा दिसतो. माणसं बॅकअप म्हणून माय डॉक्युमेंट्स उचलतात, पण फॉन्ट तिथे नसतात, ते विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. तो अख्खा फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवर घे. श्रीलिपीची सीडी, नंबर, डोंगल असलं तर तेही हाताशी ठेव. डोंगल पॅरलल पोर्टचं असलं तर नव्या विंडोजवर ते ओळखलं जाईल याचा भरवसा धरू नको.

ही जुनी कामं पेजमेकरमध्ये असतील तर तेही बघ. पेजमेकर ७ हा २००१ चा. त्याच्या फायली इनडिझाइनमध्ये उघडता येतात, पण सीएस६ पर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. म्हणून ज्या मजकुराची पुन्हा मागणी येते, त्याची फॉन्टसकट पीडीएफ आजच करून ठेव. टॅली वापरत असशील तर डेटाचा फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच बघ, आणि जुन्यावरचं लायसन्स सरेंडर केल्याशिवाय नव्यावर चालू करायला जाऊ नको. बॅकअप झाला असं म्हणायचं ते दुसऱ्याच कुणाच्या मशीनवर तीन-चार फायली उघडून, छापून बघितल्यावर.

प्रिंटरचं थोडक्यात. नव्या सिस्टीमचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे का, ते आधी बघ. एसएसडी विकत घेण्याच्याही आधी.

मशीन विंडोज ११ च्या लायकीचं नसलं तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि ४ जीबी रॅममध्ये ते बरं चालतं. पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कवर काही न टाकता. तिथेच प्रिंट मारून बघ, इन्स्क्रिप्टमध्ये चार ओळी टाइप करून बघ. अर्ज, पत्रं, इंटरनेट, हिशेबाच्या शीट यांना ते पुरून उरतं. पेजमेकर मात्र तिथे नीट चालेल अशी आशा करू नको.

झाकण उघडशीलच, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेलही बदल. तो मेला की मशीनची तारीख मागे जाते, मग बँकेची साइट उघडत नाही आणि माणूस विनाकारण नेटवाल्याशी भांडतो. सेल काढला की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, तिथे ते फोटो कामाला येतात. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटंसुद्धा धरत नसेल तर बायोस अपडेटच्या वाटेला जाऊ नको. मध्येच लाईट गेली तर बोर्डच जाऊ शकतो. दुकानाला मंगळवारी किंवा गुरुवारी जी काय सुट्टी असते, त्या दिवशी हे सगळं काम दुपारनंतर काढू नको, सकाळीच काढ.

आणि जुन्या फायलींसाठी विंडोज १० ची जुनी डिस्क अधूनमधून जोडावी लागलीच, तर आधी नेटची वायर काढ. त्यावर बँक नाही, मेल नाही, गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्हही नाही. फाइल उघडायची, पीडीएफ करायची, मशीन बंद.