माशाच्या पिल्लांना भरवण्याचा पेशा

रोहूचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा त्याचं तोंडही उघडलेलं नसतं. पोटाला चिकटलेल्या बलकाच्या पिशवीवर ते साधारण ३ दिवस काढतं. मग बलक संपतो, तोंड उघडतं आणि त्या इवल्या तोंडात मावेल असं काहीतरी हलतं खाद्य त्याला ताबडतोब लागतं. मत्स्यबीज केंद्रावर या अवस्थेला 'जिरे' म्हणतात. पुढच्या १५-२० दिवसांत जिरे इंचभर तरी वाढतात, नाहीतर मरतात. संगोपन तळ्यात १ लाख जिरे सोडले तर ३० हजार हाती लागणं नेहमीचं; ५० हजार वाचले तर काम उत्तम झालं असं मानतात. मधले २० हजार तळ्याची तयारी आणि सुरुवातीचं खाद्य यांवर अवलंबून असतात. ही दोन कामं नीट जमणं हे एक करिअर आहे, आणि वाशीमच्या मुलामुलींनी त्याकडे जरूर बघावं.

"मासोया धराले चार वर्सं कायले शिका लागते?" हा प्रश्न घरात येणारच. मासे धरायला शिक्षण लागत नाही हे खरंच. आपल्या भोई-ढिवर समाजाला ते कोणी शिकवायची गरज नाही. अडचण धरण्याच्या आधीची आहे. एकबुर्जी, अडाण, सोनल यांसारख्या जलाशयांत जिरे सोडून भागत नाही, मोठे मासे ते फस्त करतात. तिथे बोटुकलीच, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, सोडावी लागते. ती पावसाळ्यात, वेळेवर आणि जवळपास मिळायला हवी. बंगालातून बीज मागवण्याची रीत जुनी आहे, पण लांबच्या प्रवासात पिल्लं दमतात, मरतात. जिरे आणून आपल्याच तालुक्यात बोटुकलीपर्यंत वाढवून विकणारा तरुण म्हणूनच कामाचा.

आता शेततळ्याचं. आपल्याकडच्या अनेक शेततळ्यांना प्लास्टिकचं अस्तर असतं. पाणी टिकतं, पण पाण्याचा मातीशी संबंध तुटतो आणि मातीच्या तळ्यासारखं नैसर्गिक खाद्य त्यात सहज तयार होत नाही. मग ते वेगळं वाढवावं लागतं. रोटिफर हा सूक्ष्मजीव मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढा, म्हणजे पहिल्या घासाला योग्य. त्यानंतर मोइना, म्हणजे पाण्यात उड्या मारत फिरणारा बारीक जलपिसू. हिरवं पाणी, थोडं यीस्ट आणि भिजवलेली शेंगदाणा ढेप एवढ्यावर मोइना टाकीत ४-५ दिवसांत दाट होते. दाटी फार झाली किंवा खाद्य संपलं की ती नेहमीची पिल्लं देणं थांबवून टणक कवचाची अंडी धरते. टाकी बसू लागल्याची ती खूण. अशा वेळी थोडी मोइना नव्या पाण्यात हलवायची असते.

खरी विद्या इथून पुढे. मोइना जे खाते तेच शेवटी पिल्लाच्या पोटात जातं. नुसत्या यीस्टवर वाढवलेली मोइना दिसायला भरपूर, पण तिच्यात ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्लं फार कमी. म्हणून पिल्लांना घालण्याआधी काही तास तिला शेवाळ किंवा अंड्याच्या बलकात घुसळलेलं माशाचं तेल खाऊ घालतात, सोबत क जीवनसत्त्व. बहुतेक माशांचं शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. ते कमी पडलं की पिल्लांचा कणा वाकतो. मात्र तेल जास्त झालं की पाण्यातला प्राणवायू घटतो, जिवाणू माजतात आणि टाकी एका रात्रीत नासते. शिवाय समुद्री माशांसाठी लिहिलेलं प्रमाण रोहू-कटल्याला जसंच्या तसं लावू नये. गोड्या पाण्यातल्या कार्प माशांना साध्या वनस्पती तेलातल्या स्निग्धाम्लांपासून पुढची स्निग्धाम्लं काही प्रमाणात बनवता येतात, त्यामुळे त्यांची गरज वेगळी.

शोभेचे मासे वाढवणारे पिल्लांच्या खाद्यासाठी आर्टेमिया हा बारीक जीव वापरतात. मिठाच्या पाण्यात, २८ अंशांच्या आसपास, त्याची अंडी साधारण दिवसभरात फुटतात. नुकता बाहेर आलेला जीव पहिले काही तास खातच नाही, त्यामुळे त्या वेळी ओतलेलं महागडं तेल वाया जातं. एक कात टाकल्यावर तो खायला लागतो. गोड्या पाण्यात तो फार वेळ जगत नाही, म्हणून थोडं थोडं घालायचं.

शिक्षणासाठी बारावी विज्ञान हवी, जीवशास्त्रासह. मत्स्यविज्ञानाची ४ वर्षांची पदवी नागपूर आणि उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयांत मिळते. ही दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. तिसरं महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. प्रवेश परीक्षेचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, शेजारच्या मुलाच्या अनुभवावर जाऊ नका. पुढे संशोधन करायचं असेल तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, आणि गोड्या पाण्याच्या कामासाठी भुवनेश्वरजवळची केंद्रीय संस्था.

सरकारी अधिकारीपदाच्या जाहिराती दरवर्षी निघतीलच असं नाही, तेव्हा सगळी भिस्त त्यांवर ठेवू नये. मत्स्यबीज केंद्रं, खाद्य कंपन्या आणि शोभेच्या माशांचे संगोपक यांच्याकडे पिल्लं वाढवणारा माणूस लागतो. स्वतःचा धंदा करायचा तर प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद २०२० पासून आहे. अर्ज करण्याआधी सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात चालू निकष विचारा. अनुदानाच्या आशेने आधी टाक्या बांधून बसणं मला धोक्याचं वाटतं. आधी एका जुन्या टाकीत मोइना महिनाभर जिवंत ठेवून दाखवा.

मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांना अंडी घालायला लावली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. बीजाचा हंगामही साधारण त्याच सुमाराला जोरात असतो. प्रवेश घेण्याआधी त्या दिवसांत मुलाला किंवा मुलीला घेऊन एखाद्या मत्स्यबीज केंद्रावर जा. तिथे रात्री २ वाजता पाणी तपासायला उठावं लागतं, हातांना शेणखताचा वास येतो. पाहून आल्यावरही त्याला किंवा तिला तिथे परत जावंसं वाटलं, तर फॉर्म भरा.