प्रश्न आणि उत्तर यांच्या मधली प्रार्थना

शास्त्रवाचन: नहेम्या 1:1 ते 2:8



आजचा भाग आपल्या ओळखीचा आहे. नहेम्या हा शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. किसलेव महिन्यात त्याचा भाऊ हनानी यहूदाहून येतो आणि सांगतो की यरुशलेमेचा तट पडलेला आहे, वेशी जळालेल्या आहेत. नहेम्या खाली बसतो, रडतो, उपास करतो. पहिल्या अध्यायात 5 ते 11 अशी सात वचनं त्याची प्रार्थना आहे. तिच्यात पापकबुली आहे, देवानं मोशेला दिलेल्या वचनाची आठवण आहे, आणि शेवटी अगदी नेमकी मागणी आहे.

मग दुसरा अध्याय. महिना नीसान, म्हणजे मध्ये जवळजवळ चार महिने गेले. द्राक्षारस देताना राजाला त्याचा उतरलेला चेहरा दिसतो आणि तो कारण विचारतो. नहेम्या स्वतःच लिहितो की तो फार घाबरला. का घाबरला, हे एज्रा 4 वाचल्यावर कळतं. यरुशलेमेचं बांधकाम थांबवायचा हुकूम ह्याच राजाच्या नावाने सुटलेला होता. म्हणजे ज्याने काम बंद पाडलं त्याच्याकडेच काम चालू करायची परवानगी मागायची! राजा विचारतो, तुझी मागणी काय? इथे, 2:4 मध्ये, नहेम्या सांगतो की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली. पुढच्याच वचनात तो राजाला उत्तर देतो.

प्रार्थनेचे शब्द दिलेलेच नाहीत. राजा समोर, राणी शेजारी बसलेली. डोळे मिटायला, गुडघे टेकायला वाव नाही. फार तर दोन श्वासांचा वेळ.

ह्या एका वचनाशी माझं वैयक्तिक नातं आहे, ते आज सांगतो.

माझे पप्पा शाळामास्तर होते. आमच्या घरी संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना म्हणजे वीस मिनिटं नक्की. आजारी, प्रवासी, विधवा, पाळकसाहेब, पाऊस, सरकार, कोणी सुटायचं नाही. आम्ही भावंडं एक डोळा उघडून घड्याळ बघायचो. पप्पांसारखी प्रार्थना मला कधी जमली नाही. इंजिनियरिंगला गेलो, नोकरीला लागलो, आणि प्रार्थना म्हणजे बाईकला किल्ली लावताना दोन वाक्यं, एवढीच उरली.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात पप्पांना न्यूमोनिया झाला. आयसीयूत चौथी रात्र होती. अडीच वाजता डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "व्हेंटिलेटर लावावा लागेल. लावला तरी खात्री देता येत नाही. तुम्ही मोठे ना? काय करायचं, सांगा." हातात फॉर्म आणि पेन. मम्मी बाकावर बसलेली, माझ्याकडे बघत.

माझ्या मनात फक्त एवढंच आलं: प्रभू, इथे राहा. बास. पुढे शब्दच नव्हते.

हाताचं थरथरणं थांबलं नाही. पण त्याआधी जे सुचत नव्हतं ते सुचलं. मी डॉक्टरांना विचारलं की नळी घातल्यावर त्यांना बोलता येईल का. ते नाही म्हणाले. मग मी म्हणालो, "आधी मम्मीला आत जाऊ द्या." त्यांनी दोन मिनिटं दिली. मम्मीने पप्पांचा हात धरला आणि एका वाक्यात प्रार्थना केली. पप्पा आमेन म्हणाले. त्यानंतर मी सही केली.

सहाव्या दिवशी पप्पा प्रभूकडे गेले.

खरं सांगायचं तर नंतर कित्येक महिने मला एकच गोष्ट खात होती. त्या रात्री मी नीट प्रार्थना केली असती तर? पप्पा माझ्या जागी असते तर बाहेर गुडघ्यांवर रात्र काढली असती. मी तीन शब्दांत उरकलं. हे कोणाला बोलूनही दाखवलं नाही.

मग एकदा वाचता वाचता 2:4 वर आलो आणि थांबलो. नहेम्याची ती प्रार्थना माझ्यापेक्षाही लहान असणार, आणि देवाने ती ऐकली. मत्तय 14 मध्ये बुडणाऱ्या पेत्राची हाकही मूळ ग्रीकमध्ये तीनच शब्दांची आहे, आणि येशूने लगेच हात पुढे केला. मत्तय 6:7 मध्ये तर प्रभू स्वतः सांगतो की पुष्कळ बोलल्याने ऐकलं जातं अशा समजुतीत राहू नका.

पण मनाने लगेच दुसरा मुद्दा काढला. नहेम्याच्या मागे चार महिन्यांची प्रार्थना होती. मी कॉम्प्युटरवाला, म्हणून उदाहरणही तेच सुचलं: कनेक्शन आधीपासून चालू होतं म्हणून एक छोटा मेसेज पुरला. तुझं कनेक्शन कुठे होतं? ह्या प्रश्नात तथ्य आहे, तो मी झटकून टाकत नाही. नहेम्याला राजाने विचारल्यावर किती वेळ लागेल, कोणाच्या नावे पत्रं हवीत, वनरक्षक आसाफाकडून लाकूड कशासाठी हवं, हे सगळं तो तिथल्या तिथे सांगतो. ही तयारी त्या चार महिन्यांतली असणार.

तरीही लूक 18 मधला जकातदार पाहा. त्याच्या मागे काहीच नव्हतं. दूर उभा, वर बघायचीही हिंमत नाही, एक वाक्य बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला. तेव्हा माझं उदाहरण फार ताणण्यात अर्थ नाही. कनेक्शन चालू ठेवणारा दुसऱ्या बाजूला आहे. रोमकरांस 8:26 मध्ये पौल हेच म्हणतो: काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा आपल्यासाठी मागतो.

नहेम्याचं यश मला मिळालं नाही. त्याचा तट 52 दिवसांत उभा राहिला, माझे पप्पा परत घरी आले नाहीत. पण 6:9 मध्ये, शत्रू घाबरवत असताना, तो हातांसाठी बळ मागतो. मला त्या रात्री एका सहीपुरतं आणि एका प्रश्नापुरतं बळ मिळालं, आणि त्या प्रश्नामुळे पप्पांचा शेवटचा शब्द आमेन हा होता.

आता आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना पुन्हा सुरू आहे. वीस मिनिटं होत नाहीत, सात-आठ होतात. पप्पांची यादी मी आठवून आठवून घेतो. परवा मध्येच डोळे उघडले तर माझी पाच वर्षांची मुलगी एका डोळ्याने घड्याळ बघत होती.

प्रार्थना: हे पित्या, आज जो कोणी दवाखान्याच्या बाकावर बसला आहे आणि ज्याला शब्द सुचत नाहीत, त्याच्याजवळ राहा. येशूच्या नावाने मागतो, आमेन.